हजेरीपटावरचे नाव ते तासातला वाटा : समावेशित वर्ग उभा करणाऱ्या शिक्षकांसाठी

दिव्यांग मुलाला शाळेत प्रवेश मिळाला, यू-डायस या शासनाच्या शालेय माहिती प्रणालीवर त्याची नोंद झाली आणि पहिल्या बाकावर त्याची जागा ठरली, म्हणजे समावेशित शिक्षण (दिव्यांग मुलांनी इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकणे) झाले, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात अशी कितीतरी मुले वर्गात बसतात, पोषण आहार घेतात, घंटा झाल्यावर घरी जातात आणि दिवसभरात त्यांना एकही प्रश्न विचारला जात नाही. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाशी जोडलेली आहे : या तासाला या मुलाच्या वाट्याला कोणते काम आले? हा प्रश्न रोज, प्रत्येक तासाला स्वतःला विचारणारा शिक्षक साधनांची वानवा असतानाही पुष्कळ काही करू शकतो. लेख प्रामुख्याने महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित मराठी शाळांमधील वर्गशिक्षकांसाठी आहे. मात्र पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनाही त्यातील बराच भाग उपयोगी पडेल.

पहिली पायरी : प्रवेशाच्या वेळी काय बोलावे आणि काय बोलू नये

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेण्यास मनाई केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले आहेत, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत अथवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. येथे ‘पसंती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘याच्यासाठी विशेष शाळाच बरी’ असे सांगून पालकांना दारातून परत पाठवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही. विशेष शाळेला माझा विरोध नाही. कर्णबधिर मुलाला लहानपणी सांकेतिक भाषा बोलणाऱ्या मुलांचा सहवास मिळणे किती मोलाचे असते, हे त्या मुलांसोबत काम करणारा कोणीही सांगेल. परंतु तो निर्णय कुटुंबाचा आहे, आणि तो पूर्ण माहितीनिशी व्हायला हवा, शाळेने हात वर केले म्हणून नव्हे.

प्रवेशासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागू नये. प्रमाणपत्र सवलतींसाठी आणि भत्त्यांसाठी लागते. शिकण्यासाठी लागत नाही. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. परंतु शाळेत व्हीलचेअर चढत नाही म्हणून मूल घरी ठेवणे, हा त्या तरतुदीचा सरळ गैरवापर आहे.

दुसरी पायरी : नाव देण्याआधी निरीक्षण

जूनमध्ये नवा वर्ग हाती आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कोणत्याही मुलावर शिक्का मारू नये. एक साधी वही करावी आणि तिच्यात तारीख, प्रसंग आणि मुलाने नेमके काय केले एवढेच लिहावे. ‘अभ्यासात कच्चा’ हे निरीक्षण नाही. ‘फळ्यावरचे उतरवताना तीन वेळा उठून जवळ आला’, ‘मागून हाक मारल्यावर वळला नाही, पण समोरून विचारल्यावर उत्तर दिले’, ‘गोष्ट तोंडी सांगितली, मात्र तीच दोन ओळी वाचता आली नाही’ ही निरीक्षणे आहेत, आणि यातले प्रत्येक वाक्य पुढच्या तज्ज्ञाला दिशा दाखवते.

सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शासकीय व अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येणे अपेक्षित असते. पथक येण्याच्या दिवशी आपली वही तयार ठेवावी, आणि शंका असलेली मुले त्या दिवशी गैरहजर राहणार नाहीत याची काळजी घ्यावी. वर्षानुवर्षे ‘लक्ष नसते’ म्हणून रागावून घेतलेल्या मुलाला केवळ चष्म्याची गरज होती, किंवा त्याचा कान सतत वाहत होता, असे निघणे मुळीच दुर्मीळ नाही. याशिवाय एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने तयार केलेले ‘प्रशस्त’ हे मोबाइल ॲप आहे. त्यातील पहिली प्रश्नावली वर्गशिक्षकाने आणि दुसरी विशेष शिक्षकाने (दिव्यांग मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने) भरायची असते. ती प्राथमिक छाननी आहे, निदान नव्हे. निदान करण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, आणि ‘मला वाटते याला डिस्लेक्सिया आहे’ असे वाक्य पालकसभेत उच्चारू नये.

पालकांशी बोलणे ही या पायरीतली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. बोलावणे मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन पाठवू नये. शक्य असल्यास घरी जावे, आणि मुलाला जे चांगले जमते तिथून सुरुवात करावी. ‘ताई, तुमच्या मुलीला गाणी पटकन पाठ होतात. पण वाचायला बसली की ती ओळ हरवते. घरी तुम्हाला असे काही दिसते का?’ असे विचारले की आईसुद्धा मोकळेपणी बोलते. ‘हिला दवाखान्यात दाखवा’ एवढेच म्हटले तर पुढच्या वेळी ती शाळेत येणार नाही.

तपासणीनंतर गरज असल्यास पालकांना स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी, अर्ज करण्यास मदत करावी. तपासणी शासकीय रुग्णालयातील मंडळाकडून होते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (डिस्लेक्सियासारख्या वाचन, लेखन किंवा गणितातील अडचणींच्या) बाबतीत मात्र घाई करू नये. वाचन पुरेसे शिकवलेच गेले नसेल, तर ती अक्षमता आहे की अपुरे अध्यापन हे ठरवता येत नाही, म्हणून तिचे प्रमाणपत्र साधारण तिसरीच्या आसपासच्या वयापूर्वी सहसा दिले जात नाही. तोपर्यंत मदत मात्र थांबवायची नसते. प्रमाणपत्राची वाट पाहण्यात मुलाची दोन वर्षे घालवणे, ही आपल्या व्यवस्थेतली सर्वांत महाग पडणारी चूक आहे असे मला वाटते.

तिसरी पायरी : खोली, वाट आणि स्वच्छतागृह

रॅम्प आहे की नाही यापेक्षा त्याचा उतार किती आहे हे पाहावे. सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या दोन पायऱ्यांसाठी, ३० सेंटीमीटर उंचीला, ३.६ मीटर लांबीचा रॅम्प हवा. त्याहून उभा रॅम्प केवळ तपासणीच्या कागदावर उपयोगी असतो. त्यावरून मूल स्वतः चढू शकत नाही आणि उतरताना पडण्याची भीती असते. दाराची रुंदी ९० सेंटीमीटर असावी. हे काम आपल्या हातात नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात मोजमापांसह लिहून पाठवावे आणि तोपर्यंत त्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर, प्रवेशद्वाराजवळ आणावा. वर्ग हलवायला निधी लागत नाही.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलाचे पाय बाकावर बसल्यावर लोंबकळत असतील, तर त्याची सारी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि हात लिहिण्यासाठी मोकळा राहत नाही. पायाखाली लाकडी पाट ठेवणे, वही सरकू नये म्हणून चिकटपट्टी लावणे, पेन्सिलीला कापड गुंडाळून ती जाड करणे या गोष्टी एका दुपारी होतात. अल्पदृष्टी असलेल्या मुलाची जागा केवळ ‘पुढे’ असून भागत नाही. खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो का, हे त्याच्या जागेवर स्वतः बसून पाहावे.

स्वच्छतागृहाचा विषय टाळू नये. अनेक मुली शाळेत लघवीला जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि दिव्यांग मुलींच्या बाबतीत ही अडचण कित्येक पटींनी वाढते. कोण मदत करेल, दाराला आतून सहज लागणारी कडी आणि भिंतीला धरायची दांडी आहे का, हे पहिल्या आठवड्यात आईसोबत ठरवून घ्यावे.

चौथी पायरी : तासाची आखणी

येथे सविस्तर थांबावे लागेल, कारण समावेशन होते किंवा फसते ते याच ठिकाणी. परिसर अभ्यासातील बाष्पीभवनाचा तास घेऊ. वर्गात ३५ मुले आहेत. त्यांपैकी एक मुलगी पूर्ण अंध, एक मुलगा कर्णबधिर, एकाला बौद्धिक अक्षमता आणि एका मुलीला वाचनाची तीव्र अडचण आहे. पुस्तकातला धडा वाचून प्रश्नोत्तरे लिहून दिली, तर चौघांपैकी कोणाच्याही वाट्याला काही येत नाही. त्याऐवजी तासाची सुरुवात दोन ओल्या रुमालांनी करावी : एक उन्हात, एक सावलीत. कोणता आधी वाळेल याचा अंदाज सर्वांनी हात वर करून द्यावा. अंध मुलगी दर दहा मिनिटांनी दोन्ही रुमाल हाताने चाचपून वर्गाला सांगेल. ओलेपणा पाहण्यापेक्षा स्पर्शानेच अधिक नेमका कळतो, त्यामुळे ही तिला दिलेली सवलत नाही, या प्रयोगाचे ते मुख्य मोजमाप आहे. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा दर वेळी रुमालाच्या चित्राखाली ‘ओला’ किंवा ‘कोरडा’ हे कार्ड लावेल. कर्णबधिर मुलाला शब्द आधी आणि कृती नंतर असे न करता, आधी कृती दिसेल आणि मग ‘पाणी’, ‘ऊन’, ‘वाफ’ या शब्दपट्ट्या मिळतील. वाचनाची अडचण असलेली मुलगी निष्कर्ष तोंडी सांगेल किंवा चित्रांत मांडेल. उरलेल्या ३१ मुलांनाही हा तास पुस्तकी तासापेक्षा चांगलाच कळतो, हे वेगळे सांगायला नको. माहिती एकाहून अधिक मार्गांनी पोहोचवणे, उत्तर एकाहून अधिक मार्गांनी स्वीकारणे आणि रस वाटण्याची एकाहून अधिक कारणे देणे, ही तीन सूत्रे अशा आखणीच्या मुळाशी आहेत.

कर्णबधिर मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नये, बोलताना तोंडावर हात किंवा पुस्तक धरू नये आणि पाठीमागे खिडकी असेल अशा जागी उभे राहू नये. ओठांवरून शब्द ओळखता येतात हे खरे, पण त्याला मर्यादा आहेत. प, फ, ब, भ, म ही सारी अक्षरे ओठ मिटून किंवा जवळजवळ तशीच उच्चारली जातात, त्यामुळे ‘बाबा’, ‘मामा’ आणि ‘पापा’ त्याला जवळपास सारखेच दिसतात. नवा शब्द म्हणूनच नेहमी लिहून दाखवावा. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी सकाळीच तपासावी. वर्गातला गोंगाट यंत्र तितकाच मोठा करून ऐकवते, हेही लक्षात ठेवावे.

अंध मुलीच्या वर्गात ‘हे इथून इकडे आले’ असे बोलणे बंद करावे लागते. फळ्यावर जे लिहितो ते लिहिता लिहिता मोठ्याने बोलावे. ब्रेल पाटी आणि स्पर्शाने गणित करण्याची टेलर फ्रेम व अबॅकस (मण्यांची पाटी) ही साधने मिळवण्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाकडे जूनमध्येच मागणी नोंदवावी. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर उतरवून घेता येतात आणि ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तके आहेत. मोबाइलवरचे मराठी वाचून दाखवणारे आवाज आता बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, परंतु ऐकणे हा ब्रेलचा पर्याय नाही. ऐकून शिकणाऱ्या मुलीला ऱ्हस्व-दीर्घ कधीच भेटत नाही.

वाचनाच्या अडचणीत मराठीचे स्वतःचे काही पेच आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात गोंधळ होतो. पहिली (ऱ्हस्व) वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते पण उच्चार नंतर होतो. रफार डोक्यावर बसतो आणि बोलताना आधी येतो. अशा मुलाला एका वेळी एकच जोडी शिकवावी, ती वाळूत किंवा पाठीवर बोटाने गिरवून घ्यावी आणि वर्गापुढे अचानक उभे करून वाचायला लावू नये. गणितातही असेच आहे. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी येतात आणि लिहिताना चार, त्यामुळे मूल ७४ लिहिते. ‘एकोणपन्नास’ तर उलटी वजाबाकीच आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोडवाचनाची पद्धत दिली तेव्हा बराच वाद झाला. भाषिक बाजू काहीही असो, अंकांत अडखळणाऱ्या मुलाला ‘चाळीस सात’ म्हणू देणे आणि सोबत काड्यांचे चार गठ्ठे व सात सुट्या काड्या हातात देणे ही फार मोठी मदत असते, आणि ती नाकारू नये.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला दिवस कसा जाणार हे आधी कळणे आवश्यक असते. परिपाठ, भाषा, सुट्टी, गणित, जेवण, खेळ अशी चित्रे एका दोरीला क्लिपांनी लावावीत आणि तास संपला की त्याने स्वतः ते चित्र काढावे. वेळापत्रकात बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. घंटेच्या किंवा ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने तो कान झाकत असेल, तर ती शिस्तीची अडचण समजू नये. त्याला परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहू द्यावे.

पाचवी पायरी : वैयक्तिक शैक्षणिक आराखडा

हा आराखडा वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून करायचा असतो, आणि तो एका पानाहून मोठा असू नये. ‘वाचनात प्रगती करणे’ हे उद्दिष्ट नाही, कारण ते साध्य झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काना आणि वेलांटी असलेले दोन अक्षरी दहा शब्द, पाचपैकी चार वेळा, मदतीशिवाय वाचेल’ हे उद्दिष्ट आहे. एका सत्रात तीन उद्दिष्टे पुरेत, आणि त्यांतले एक तरी दैनंदिन जगण्यातले असावे : स्वतः डबा उघडणे, दुकानातून दहा रुपयांची वस्तू आणून उरलेले पैसे मोजणे, एसटीची पाटी ओळखणे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. आज एकेका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात आणि त्यांची भेट मोजक्याच वेळा होते. म्हणून ते आले की मुलाला त्यांच्यासोबत व्हरांड्यात पाठवून आपला तास पुढे चालू ठेवू नये. त्यांना वर्गात बसवून घ्यावे, आपला तास पाहू द्यावा आणि पुढच्या महिन्याचे धडे त्यांच्यासमोर उघडून ‘यात याला काय देऊ?’ असे विचारावे. मुलाला एक तास शिकवून जाणाऱ्या तज्ज्ञापेक्षा शिक्षकाला महिनाभराची दिशा देणारा तज्ज्ञ अधिक उपयोगी पडतो.

समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या शासकीय योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वार्षिक ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, आणि मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता मिळतो. प्रवास, मदतनीस आणि वाचक भत्त्यांसाठी बँक खाते, आधार आणि प्रमाणपत्र यांतील नावाची अक्षरे जुळत नसल्याने पैसे अडकतात. ती जुलैपूर्वीच जुळवून घ्यावीत.

सहावी पायरी : मूल्यमापन

परीक्षेत मूल किती भरभर लिहिते हे तपासायचे आहे की त्याला काय समजले ते, याचा निर्णय आधी करावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत ताशी २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास, जादा वेळ मिळतो. परंतु लेखनिकाला सांगून उत्तर लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे : विरामचिन्हे सांगणे, आकृतीचे वर्णन करणे, लिहिलेले परत वाचून घेणे. हे आठवीपासून घटक चाचण्यांमध्ये सरावात आणले नाही, तर बोर्डाच्या दिवशी ती सवलतच ओझे होते. मंडळाकडचा अर्जही नववीतच कागदपत्रे जमवून ठेवल्यास वेळेत जातो.

सातवी पायरी : वर्गमित्र, मैदान आणि अडीअडचण

एका समंजस मुलीला कायमची मदतनीस नेमणे टाळावे. त्याने तिचे बालपण अडते आणि ज्याला मदत मिळते त्याला मैत्री मिळत नाही. जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात, आणि दिव्यांग मुलालाही कोणाला तरी मदत करण्याचे काम द्यावे. ‘लंगड्या’, ‘बहिऱ्या’ अशा हाका ऐकू आल्या तर त्या मुलासमोर भाषण न देता, हाक मारणाऱ्याशी बाजूला बोलावे. मैदानावर व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला नेहमीच गुण लिहायला बसवणे म्हणजे त्याला खेळाबाहेर ठेवणे होय. चेंडूत घुंगरू शिवून घेतले तर अंध मूल खेळू शकते. लगोरीत अंतर कमी-जास्त करता येते. नियम काय बदलावेत हे मुलांनाच विचारावे, कारण ती आपल्यापेक्षा चांगले नियम बनवतात.

फेफरे येणारे मूल वर्गात असेल, तर काय करायचे हे सर्व शिक्षकांना आणि स्वयंपाकी मदतनीस ताईंनाही माहीत हवे. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटची पायरी एप्रिलमध्ये येते, आणि बहुतेक शाळांत ती राहूनच जाते. मूल पुढच्या वर्गात जाते, शिक्षक बदलतात आणि वर्षभरात उमगलेले सारे एका दिवसात पुसले जाते. म्हणून निकालपत्राबरोबर दोन पाने नव्या शिक्षकाच्या हाती द्यावीत. त्यात टक्केवारी आणि निदान यांना एक ओळ पुरे. बाकीच्या जागेत लिहावे : तो कोणत्या बाजूने बोललेले ऐकतो, कोणत्या जाडीच्या रेघांची वही लागते, कोणत्या आवाजाने घाबरतो, कोणते उद्दिष्ट अर्धे राहिले, काय करून पाहिले आणि जमले नाही, कशाने तो हसतो, आणि घरी फोन केला तर कोणाशी बोलावे.